लेबलावरची बबडी

प्रिय बाळ्या,

मिशीत पांढरे केस आले तरी तू मला बाळ्याच, त्याबद्दल तक्रार नको. तू पाठवलेले पैसे मिळाले आणि तुझा निरोपही. सरकारनं ट्रेडमार्कची फी वाढवल्याचं पत्रक मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचायला मी साबणाच्या लेबलांवरूनच शिकले, त्यामुळे बारीक अक्षरांना घाबरत नाही. नोंदणीची फी वाढली, नूतनीकरणाची तर जवळजवळ दुप्पट झाली. आपल्या साबणाच्या ‘बबडी’ या नावाची नोंद वेगळी आणि लेबलावरच्या चित्राची वेगळी, म्हणजे फीसुद्धा दोनदा. तू म्हणालास, नाव गेलं तर जाऊ दे, चित्र तेवढं वाचव, ताई जाता कामा नये. तुझ्या तोंडून ताई ऐकलं की मला अजून आत कुठेतरी हलतं. तू जन्मायच्या आधीच ती तापात गेली, तरी लहानपणी अंघोळीला बसलास की आधी साबणावरचा तिचा कागद कोरड्या जागी ठेवायचास, ताई भिजेल म्हणून.

शेडमधली कढई तुझे बाबा गेल्यापासून थंडच आहे. साच्यांना गंज चढलाय. तरीही दार उघडलं की कॉस्टिक सोड्याचा तो घशात बसणारा वास येतो, आणि वाटतं, आता आतून त्यांचा खोकला ऐकू येईल. वकीलसाहेब घरी येऊन गेले. वहिनी, म्हणाले, साबण बाजारात नाही, मग एवढी फी भरून काय लोणचं घालणार आहात का? एक क्रीमवाले टपून बसलेत, मुदत संपायच्या आत विकून टाका. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, भाऊ, लेक विकायची नसते. ते बिचारे खाली मान घालून चहा प्यायले. त्यांना तरी काय ठाऊक, की तिचा एकुलता एक फोटो बाबांनी लेबलाच्या चित्रकाराला दिला होता, छापखाना हलला त्यात तो हरवला, आणि तेव्हापासून आपल्या घरात तिचं तोंड म्हणून फक्त ते लेबल आहे.

सोमवारी मी नोंदणीच्या कचेरीत गेले. वकीलसाहेब सोबत येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. लांब हॉल, बाकं भिंतीला जखडलेली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय, फी. माझ्या शेजारी एक कुलूपवाला होता. म्हणाला, मावशी, कुलपाचं डिझाइन माझं, पण किल्ली सरकारकडे! सगळे हसले, मीही हसले. खिडकीतली मुलगी सभ्य होती. तिनं नंबर घातला, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, आजी, नीट बघा, हेच चित्र ना? हो म्हणा, म्हणजे पुढे सरकवते.

बाळ्या, इतकं मोठं चित्र मी कधीच पाहिलं नव्हतं. आपल्याकडे ती नेहमी बोटभर, गुलाबी, साबणाभोवती गुंडाळलेली. इथे रंग नव्हता, नुसत्या रेघा. टपोरे डोळे, कपाळावर कुरळी बट, आणि दोन्ही भुवया अगदी सारख्या. मी बघतच राहिले. साबण कापायच्या चौकटीच्या कडेवर पडून बबडीची डावी भुवई फुटली होती. टाके पडले, पण तिथे केस काही उगवले नाहीत. भुवई दोन तुकड्यांची दिसायची. रुसली की फक्त बाहेरचा तुकडा वर जायचा, आणि बाबा कामाच्या मध्येच हसत सुटायचे. तेच बाबा पुढे चित्रकाराला म्हणाले होते, भुवई भरून काढा, लेबलावर जखम कशाला. तेव्हा ती जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांना फोटोतल्या त्या रेषेकडे बघवत नव्हतं. मग वर्षानुवर्षं मीही तेच लेबल बघत राहिले आणि ती भुवई पार विसरले. आठवण म्हणून डोळे मिटले, तरी समोर लेबलच यायचं.

ती मुलगी वाट बघत होती. मागून कोणीतरी, आजी, लवकर करा हो, असं ओरडलं. मला हो म्हणता आलं नाही. नाही, ही नव्हे, एवढंच म्हणाले आणि बाहेर आले. मुदत काल संपली. तुझे पैसे परत पाठवते आहे. उशिराचा दंड भरून अजूनही नूतनीकरण होतं हे मला माहीत आहे, तू ते करू नकोस. उद्या क्रीमवाल्यांच्या डबीवर ते चित्र दिसलं तर जीव जळेल, तुझाही आणि माझाही. पण ते तोंड तिचं नाही.

तू रागावशील. दोन दिवस फोनही करणार नाहीस, ओळखते मी तुला. तरी हे कागदावर लिहिते आहे, कारण तिला डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे, आणि मीसुद्धा एकदा विसरले होते. तुझ्या भुवया तिच्यासारख्याच आहेत, दाट, टोकाला खाली उतरलेल्या. आरशासमोर उभा राहा आणि डाव्या भुवईच्या मधोमध बोट उभं ठेव. बोटाखालची जागा झाकली गेली, की जे दिसेल, ती तुझी ताई.

तुम्हा दोघांचीच,
आई