विट्याच्या मेळ्यातला ढोल

आबा, आज सकाळी दोघंजण घरी आले होते. पांढरे कपडे, कपाळाला भंडारा. तो भंडारा गाडीतून उतरायच्या आधी एकमेकांना लावताना मी खिडकीतून पाहिलं. त्यांच्या पक्षाचा सांस्कृतिक महोत्सव आहे, गजी नाचणारं मंडळ पाहिजे, म्हणाले. "आजोबा, तुमचा समाज म्हणजे या मातीतला मूळ माणूस," असं त्यातला धाकटा म्हणाला आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्याला बोलणार कुठल्या तोंडानं? असंच बोलणाऱ्या माणसांपुढं तुम्हाला पहिल्यांदा मीच नेऊन उभं केलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, लढाई संपून मी फौजेतून परतलो होतो. लिहितावाचता होतो, चार मुलूख पाहिले होते, त्यामुळे दहिवडीला पक्षाच्या कचेरीत मला लगेच काम मिळालं. सतरंज्या अंथरायच्या, पत्रकं वाटायची, गावोगाव निरोप पोचवायचे. माझा त्या कामावर जीव होता. इंग्रज जाणार, आपलं राज्य येणार आणि आपल्या राज्यात पहिलं आपलं कुरण सुटणार, असं मी धरूनच चाललो होतो. जंगल खात्यानं तारेच्या कुंपणात घातलेला तो आपल्या चराईचा डोंगर तुम्ही रोज सकाळी बघत उभे राहायचा. एकदा मेंढरं आत शिरली, तर रखवालदारानं सगळी हाकलून कोंडवाड्यात नेली. दोन दिवस पाण्यावाचून ठेवली. त्यातली एक गाभण मेंढी तुमच्या मांडीवर मेली होती.

निवडणूक जवळ आली तेव्हा कचेरीतल्या मुख्य कार्यकर्त्यानं मला बोलावलं. विट्याला लोककलांचा मेळा भरवायचा होता. लेझीम, गोंधळ आणि आपला धनगरी गजी. निवडणुकीला उभे राहिलेले एक मोठे पुढारी येणार होते. मी विचारलं, कुरणाचं तेवढं त्यांच्या कानावर घालता येईल का? तो म्हणाला, "अरे, तिथंच व्यासपीठावर जाहीर करायला लावू." मी जवळजवळ पळतच घरी आलो.

तुम्ही अंगणात घोंगडीला टाके घालत होता. सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "देवाची पालखी निघायला अजून तीन म्हैनं हायती. मग ढोल कुणाफुडं वाजवायचा?"

"आवं आबा, पुढाऱ्यांफुडं. कुरण सुटतंय त्यानं."

"मला मत हाय का रं?"

नव्हतं. सारा भरणाऱ्याला होतं, शिकलेल्याला होतं, फौजेतून आलेल्याला होतं. आपल्या अख्ख्या वाडीत माझ्या एकट्याला होतं. मी तसं सांगितलं.

"मग मला कशाला नेतोस?"

"आपला समाज त्यांच्या मागं हाय, ह्ये लोकांना दिसाय पायजे."

तुम्ही सुई घोंगडीत खोचून ठेवलीत. चुलीपाशी आई भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "पोरगं लढाईवरनं जित्तं आलंय. पयल्यांदाच काय तरी मागतंय तुमाला. जावा की." आणि तुम्ही तयार झालात. माझं पटलं म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं.

मालमोटार आली. तुम्ही वीसजण, पांढरे अंगरखे, फेटे, हातात रंगीत रुमाल. सगळ्यांत मोठा ढोल तुमच्या मांडीवर. विट्याला मंडपामागं तुम्हाला बसवलं ते उन्हं उतरेपर्यंत. दुपारी कुणी तुम्हाला जेवायला विचारलं नाही. मी धावपळीत होतो, मीही विसरलो. मग पुढारी आले. मुख्य कार्यकर्ता माझ्या कानाशी लागला, "पाच मिनिटांत आटपायला सांग." गजी पाच मिनिटांत होत नाही. आधी ढोल संथ लागतो, पावलं जमिनीशी जुळतात, मग कुठं अंगात येतो. तुमची पावलं जुळतात न जुळतात तोच कर्ण्यातून जयजयकार सुरू झाला आणि पुढारी खाली उतरून तुमच्या रिंगणात शिरले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली, डोक्याला फेटा बांधला. मग त्यांनी हसत हसत तुमच्या गळ्यातला ढोल मागून घेतला. फोटोवाला पुढं सरसावला.

आणि तुम्ही म्हणालात, "सायेब, ढोल देवाचा हाय. पायताण काढा."

रागानं म्हणाला नव्हतात. जत्रेत नव्या माणसाला सांगता तसंच सांगितलंत. पण पुढाऱ्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यांच्या पायात चकचकीत बूट होते. मुख्य कार्यकर्त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुढं होऊन तुमचा दंड धरला.

"आबा, गप बसा. फोटू निघू द्या."

तुम्ही एक पाऊल मागं सरलात. फोटो निघाला. पुढाऱ्यांनी ढोलावर दोनचार थापा मारल्या, टाळ्या पडल्या. पुढं तासभर भाषण झालं. "हे इथले मूळ लोक, यांच्या नाचात आपल्या देशाचा आत्मा आहे," असं ते म्हणाले. कुरणाचा शब्द आला नाही. मी व्यासपीठाच्या पायरीपर्यंत गेलो, तर मला बाजूला सारून ते मोटारीत बसले. मालमोटारही त्यांच्या माणसांना घेऊन कऱ्हाडकडं निघून गेली होती. तुम्हाला आणायचं ठरलं होतं, पोचवायचं कुणी ठरवलंच नव्हतं.

दोन दिवस चालत आलो आपण. बाकीचे मला शिव्या घालत होते, मस्करी करत होते. तुम्ही ढोल पाठीला बांधून सगळ्यांच्या पुढं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका विहिरीवर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. "तू लढाईवर हुतास, तवा सांज झाली की म्या बिरोबाफुडं ढोल वाजवायचो. येकबी दिस चुकला न्हाई. ह्योच ढोल." एवढंच बोललात, तोंडावर पाणी मारलंत आणि उठलात. त्यापेक्षा तुम्ही मला पायताणानं हाणलं असतं तर बरं झालं असतं.

ते निवडून आले. मी अर्ज केले. इंग्रज गेला, तरी कुंपण तसंच राहिलं आणि रखवालदारही तोच. कचेरीत गेलो की "आता आपलंच सरकार आहे, धीर धर" म्हणायचे. मग बिरोबाच्या जत्रेला हीच माणसं झेंडे घेऊन आली. मला वाटलं, तुम्ही त्यांना परत पाठवाल. तुम्ही त्यांचे बूट देवळाबाहेर काढायला लावलेत, त्यांना जमिनीवर बसवलंत आणि ओवी धरलीत. त्या ओवीत तुम्ही तारेचं कुंपण घातलंत, कोंडवाडा घातलात, तहानेनं मेलेली गाभण मेंढी घातलीत. शेवटी बिरोबालाच विचारलंत, देवा, राजा बदलला म्हणतात, मग माझी मेंढरं अजून कुणाच्या दारात उभी? वाडीतल्या बायका पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. पाहुणे मान डोलवत होते. ओवी संपल्यावर मुख्य कार्यकर्ता टाळ्या वाजवत उठला. "वा! काय गोडवा आहे भाषेत! पुढच्या मेळ्याला हेच म्हणायचं, बाबा."

तुम्ही आधी त्याच्याकडं पाहिलंत. मग माझ्याकडं पाहिलंत. त्या दिवसापासून मी कचेरीत गेलो नाही. तुम्हाला ते सांगितलंही नाही. तुम्ही विचारलं नाहीत, आणि चार वर्षांनी गेलात. कुरण पुढं सुटलं, तोवर वाडीतली निम्मी माणसं पोटासाठी मुंबईला गेली होती आणि मेंढरं मोजकीच उरली होती.

आजच्या दोघांना मी चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ते काही रुसले नाहीत. शेजारच्या वाडीत गेले, तिथलं मंडळ तयार झालं असं दुपारी कळलं. वाटलं, तुम्हाला हे कळवावं, म्हणून लिहायला बसलो. पत्र कुठं धाडायचं नाही. तुम्हाला कधी वाचता आलं नाही, आणि माझ्या नातवाच्या हाती पडावं अशी माझी इच्छा नाही.

कारण त्या मांडवातलं एक मी कुणालाच सांगितलेलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, की कुरणासाठी, समाजासाठी मी तुम्हाला गप्प केलं. तसं नव्हतं आबा. त्या बुटांसमोर तुमचे धुळीनं माखलेले अनवाणी पाय दिसले, आणि मला तुमची लाज वाटली होती.