पायापेक्षा एक नंबर मोठे

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
सकाळी सव्वासात

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. हे रिवाजाचे आहेत. मनापासूनचे सध्या रोखून ठेवले आहेत. तू खुशाल असशीलच, मीही आहे. आता मुद्दा.

शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तू माझ्या नावावर आलेला खोका कुरिअरवाल्याच्या हातात परत दिलास. "बाईंना नकोयत, चुकून मागवले," असं त्याला सांगितलंस आणि वर माझ्या नावाची सही ठोकलीस. वेळ त्याच्या पावतीवर छापलेली आहे आणि सही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या सहीचा शेवटचा फराटा वर जातो, तुझा खाली घसरलाय. तीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या बाईच्या घरात राहून खोटी सही करायची, तर निदान ती नीट तरी करावी.

हे सगळं फोनवर बोलले असते. पण मुलाच्या घरी गेल्यापासून तू फोनवर येत नाहीस, आणि तुझे चिरंजीव सकाळी साडेदहाला मला सांगतात, "मावशी, आई झोपलीय." जन्मात कधी सहानंतर अंथरुणात न राहिलेली बाई! पोराला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून इतकं वाईट बोलतो. त्याला रागावू नकोस. हे पत्र त्याच्या हाती देऊन धाडते आहे, म्हणजे "मिळालं नाही" म्हणायची सोय राहणार नाही.

आता त्या खोक्यात काय होतं ते ऐक. आधी सगळं वाच, मग तोंड वाकडं कर.

मोटरसायकलवर घालायचे बूट होते, हे तुला माहीत आहे. कसले, हे माहीत नाही. अगं, काय सांगू तुला! काळे, घोट्याच्या चार बोटं वर येणारे, आतल्या बाजूने चेन. चेनच्या मागे चामड्याची घडी शिवलेली, म्हणजे चेनमधून पाणी शिरलं तरी ते त्या घडीतच अडतं. घोट्यावर दोन्ही बाजूंनी कडक वाट्या. डाव्या चवड्यावर जाड रबराची पट्टी, गिअर वर उचलताना बुटाची कातडी सोलू नये म्हणून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढची बाजू रुंद. खरोखर रुंद! पाय आत गेला आणि माझी करंगळी पहिल्यांदा बाकीच्या बोटांच्या शेजारी नीट बसली. सहासष्ट वर्षं ती बिचारी बाकीच्यांच्या अंगाखाली झोपत होती.

दुकान कसं सापडलं तेही ऐक. दिवाळीच्या सुमारास मेकॅनिकने पत्ता दिला. मालकीण चाळिशीची, स्वतः शर्यतीत गाडी चालवायची. मी तिला "बूटवाली" म्हणते, तिला आवडतं. मी आत जाऊन रुबाबात सांगितलं, "सात नंबर दाखवा." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या पायांकडे पाहिलं.

"सात कोणी सांगितलं?"

"मीच. सहा होतो, पण पाय रुंद आहे, म्हणून एक नंबर मोठा घेते."

"आजी, लांबी विकत घेऊन रुंदी मिळत नाही."

"आजी कोणाची?"

"बरं, मॅडम. संध्याकाळी सहानंतर या. सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून सुजलेला पाय घेऊन या, आणि गाडीवर जे मोजे घालता तेच घालून या."

मी, जी बाजारात गेली की भले भले दुकानदार तराजू पुसायला लागायचे, ती मी गुपचूप घरी आले आणि संध्याकाळी परत गेले! तिने मला उभं केलं. बसवून नाही, उभं, सगळा भार पायावर. दोन्ही पाय मोजले, कारण दोन्ही सारखे नसतात. माझा डावा उजव्यापेक्षा चार मिलीमीटरने रुंद आहे. लांबी साडेपाच. धाकटे, साडेपाच! मी जन्मभर सात नंबर घालत आले. लोकांची किलोची वजनं दोन ग्रॅमने कमी भरली तर दंड ठोठावला, आणि स्वतःच्या पायाचं माप कधी घेतलं नाही.

मग सुरू झाली तपासणी. बायकांसाठीचे बूट सगळे अरुंद, जणू बाई मोटरसायकलवर चवड्यावर नाचत जाणार आहे. पुरुषांच्या फळीवरचे काढले. एक घोट्याला घासला. एकाची टाच वर उचलली जात होती. एक दिसायला राजबिंडा होता, पण त्याच्यावर "जलरोधक" अशी चिठ्ठी होती आणि मला चिठ्ठ्यांचा अनुभव आहे. मी म्हटलं, "बादली आणा." बूटवाली म्हणाली, "बाई, असं कोणी करत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच लोक फसतात." दुकानाच्या मागे घोट्याएवढ्या पाण्यात वीस मिनिटं उभी राहिले, मोज्यात वर्तमानपत्राचा कागद घालून. राजबिंड्याच्या चेनमधून सतराव्या मिनिटाला पाणी आलं. कागद भिजला. बूटवालीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी या घडीवाल्या जोडाचा नमुना बादलीत घातला. वीस मिनिटं, पंचवीस, तीस. कागद कोरडा ठणठणीत! तिने मग दुकानातल्या गाडीवर मला बसवून पन्नास वेळा गिअर टाकायला लावले, जिना चढायला लावला, उकिडवं बसायला लावलं. माझ्या मापाचा जोड कारखान्यातून मागवावा लागला. तोच शनिवारी आला, आणि तोच तू परत पाठवलास.

मला माहीत आहे तू का पाठवलास. म्हणून आता एक गोष्ट सांगावी लागते.

मांजर नव्हतं.

सहा तारखेला, गुरुवारी, अंगणात मी गाडीसकट आडवी झाले तेव्हा तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. तुला सांगितलं की मांजर आडवं आलं. तू "हं" म्हणालीस. तुझं ते "हं" मला तेव्हाच कळायला हवं होतं. झालं असं, की गाडी चालतही नव्हती. उभ्या उभ्या गिअर टाकायला गेले, बुटाचं लांबलचक नाक गिअरच्या दांडीखाली अडकलं, पाय जमिनीवर टेकायला वेळेत सुटला नाही आणि मी पडले. पायात कोणते बूट होते? नवे अजून यायचे होते, म्हणून जुनेच तपकिरी. सात नंबर. पुढे कापूस कोंबलेला. होय, कापूस! बाबा आपल्या शाळेच्या बुटात कोंबायचे तस्सा. "फताड्या पायांना एक नंबर मोठा, पुढे कापूस," हा आपल्या घरचा कायदा. वय सहासष्ट, पेन्शन घेते, आणि बुटात कापूस कोंबून गाडीवर बसते. हे तुला सांगण्यापेक्षा मांजरावर ढकलणं सोपं होतं.

घोटाही मुरगळला होता. शनिवारी दुपारी मी वाचनालयात गेले नव्हते, डॉक्टरकडे पट्टी बदलायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, पंचवीस तारखेपासून गाडी चालवा, पण घोटा धरून ठेवणारं काही पायात घाला. नेमकं तेच काही तू त्याच घटकेला परत पाठवत होतीस. आणि मला पाडणारा तपकिरी जोड? तो तू पुसून, दोरी बांधून, चपलांच्या फळीवर व्यवस्थित ठेवून गेलीस. चोर सोडून संन्याशाला सुळी! यावर मी काल एकटीच मोठ्याने हसले. खालचा शिंपी वर पाहायला आला, बाईंना काही झालं का म्हणून.

काल सोमवारी लंगडत दुकानात गेले. खोका परत येऊन पडलाच होता. बूटवाली म्हणाली, "तुमच्या सहीने आला, तरी मी पुढे पाठवला नाही. ज्या बाईने बादली मागितली ती चुकून मागवेल, हे मला पटेना." बूट आत्ता माझ्या पायात आहेत. सकाळी सव्वासात वाजता, झगा आणि बूट! स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत सोळा पावलं होतात, मी पन्नास फेऱ्या मारल्या. कुठे घासत नाहीत, कुठे टोचत नाहीत. नवीन चामड्याचा वास घरभर आहे. तू असतीस तर खिडक्या उघडल्या असत्यास.

इथवर सगळा दोष तुझा होता, आणि मला लिहायला मजा येत होती.

पण तू बुटांवरून घर सोडलं नाहीस. तेवढ्यासाठी तू गेली नसतीस. तू चहा टाकला होतास, दोन कप. मी पावती हातात घेऊन आले आणि बोलले. शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. मी म्हटलं, "तू जन्मभर कोणाच्या तरी मागेच बसलीस, आणि त्यांनी पाडलं तेव्हा डोळे मिटून घेतलेस. आता मलाही खाली उतरव." तू गॅस बंद केलास आणि पिशवी भरलीस.

धाकटे, त्या दिवशी रस्त्यावर मी नव्हते. तू होतीस. ओला रस्ता, स्कूटर घसरली, आणि तुझ्या यजमानांचं पाऊल घोट्यातून मोडलं. पायात काय होतं त्यांच्या? सपाता. नऊ वर्षं तू कुणाच्याही दुचाकीवर बसली नाहीस. नंतर ते हृदयविकाराने गेले, स्कूटरने नव्हे. पण ती शेवटची पाच वर्षं घरात काठी टेकत चालणारा माणूस तू पाहिलास, मी नाही. आणि मग तू गॅलरीतून मला पडताना पाहिलंस. मी जे बोलले ते मापात बसणारं नव्हतं. चुकलं. हे वाक्य मला लिहायला पाऊण तास लागला आहे. चहा दोनदा गार झाला.

शाळेचं आमंत्रण अजून फ्रिजवर आहे. ३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी अकरा. पुढच्या महिन्यात इमारत पाडणार, त्याआधी जुन्या मुलींना एकदा बोलावलंय. "फुटपट्टी" येणार आहे म्हणे! नव्वदीला टेकलीय. दर सोमवारी बुटांची रांग तपासणारी ती सिस्टर, तुझ्या बुटाची फाटलेली कड पाहून अख्ख्या वर्गासमोर म्हणाली होती, "सभ्य मुलींचे पाय असे पसरत नाहीत." तू सात वर्षांची होतीस. त्यानंतर तू बाकाखाली पाय लपवून बसायला लागलीस. अजूनही बसतेस, खुर्चीखाली, मी रोज पाहते.

मला तिच्यासमोर ऐटीत उभं राहायचंय. एकटीने नव्हे, दोघींनी. एकशे चाळीस किलोमीटर. मध्ये तो बुटका पूल आहे, ज्यावरून बारा महिने टाचभर पाणी वाहतं. मी चाळीसच्या वर जाणार नाही. दर तासाला थांबू. मेकॅनिकने मागच्या सीटला पाठ लावून दिलीय, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. तुला भीती वाटली तर सांग, तिथेच उतरू आणि पुढे बसने जाऊ. गाडी एखाद्या पेट्रोल पंपावर ठेवू. मला त्यात कमीपणा नाही.

तू आली नाहीस तर मी एकटी जाईन, असं इथे लिहिलं होतं. खोडलंय, तुला दिसेलच. एकटी जाणार नाही. त्या गुरुवारी पडले तेव्हापासून मला त्या गाडीची भीती वाटते. पन्नास फेऱ्या मी स्वयंपाकघरातच मारल्या, अंगणात उतरले नाही.

बूटवालीकडे याच जातीचा आणखी एक जोड आलाय, बहुतेक तुझ्याच मापाचा. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिने तो बाजूला ठेवलाय, मग परत जाईल.

म्हणून हे उत्तर लेखी हवं. फोन चालणार नाही, मुलाकरवी निरोप चालणार नाही. संध्याकाळी सहानंतर, जाड मोजे घालून, कागदावर उभी राहा, भिंतीचा आधार न घेता. सूनबाईला दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवू दे. पेन्सिल सरळ उभी धरायला सांग. आत कलली तर पाय अरुंद दिसतो, आणि तसं दाखवायची गरज आता संपली. यायचं नसेल तर त्याच कागदावर "नाही" लिही, मी पुन्हा विचारणार नाही. पण पावलं काढलेली असू देत. बूट तुझे आहेत, तू कुठेही चालत जा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत कागद माझ्या हातात पडला पाहिजे. दुकानापर्यंत लंगडत जायला मला एक तास लागतो.

गॅलरीत तुझी वाट पाहत उभी,
ताई