होल्टकॅम्पांच्या शेतावरचा टीमायर

१४ ऑगस्ट १९९४, रविवार
आजपासून टीमायर घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. तीन आठवड्यांचं काम. बायकोच्या, वर्नाच्या थडग्यावर दगड बसवायचा राहिला आहे. ती मार्चमध्ये गेली. पण दगडावर काय कोरायचं हे ठरल्याशिवाय दगड सांगता येत नाही. मुलीचा, जॅनेलचा, सेंट लुईसहून फोन. म्हणाली, डॅड, आईनं स्वतः सांगितलंय माहेरचं होल्टकॅम्प लिहा म्हणून, मग अडलंय कुठं? मी म्हटलं, ते ती गमतीनं म्हणाली होती. जॅनेल म्हणाली, हॉस्पिटलात?
फोन ठेवला. असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत.

१६ ऑगस्ट
मुद्दा लिहून ठेवतो. सासऱ्यांची ही जमीन अडतीस वर्षं मी कसली. ते जाऊनही तीस वर्षं झाली. तरी दुधाचा टँकरवाला रस्ता सांगताना म्हणतो, होल्टकॅम्पांचं शेत ना, चाऱ्याचा पांढरा सायलो दिसला की डावीकडे वळा. फाटकाशी पत्रपेटी आहे, तिच्यावर टीमायर लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरांत. ते कुणी वाचत नाही. निदान दगडावर तरी टीमायर असावं. मला राग नाही. नोंद बरोबर असावी इतकंच.
आपण जर्मनीतही जमीनवाले होतो, असं वडील सांगत. ते कागदावर आलं की जॅनेलसुद्धा मान्य करील.

२३ ऑगस्ट
चर्चच्या तळघरातल्या वह्या पाहिल्या. १८४६ साली जर्मनीहून आलेला हाइनरिश टीमायर सापडला. बायको, तीन मुलं, त्यातल्या एकाच्या नावावर रेघ. जहाजावर गेलं असणार. तिथेच वही मिटली.
वर्नाचा मोठा भाऊ मिलफर्ड टोमॅटो घेऊन आला. म्हणाला, अरे एल्रॉय, आपले आजे-पणजे शिडाच्या जहाजातून आले, तेसुद्धा एवढे रेंगाळले नव्हते. दगड सांग, माझ्या बहिणीवर गवत माजेल. मी म्हटलं, गवत मी दर शनिवारी कापतो. तो म्हणाला, ठाऊक आहे, पट्टी लावून कापतोस.
टोमॅटो चांगले होते.

१ सप्टेंबर
तीन आठवडे होत आले. जर्मनीत, वेस्टफालियातल्या हाइनरिशच्या गावच्या चर्चला पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत थांबणं भाग आहे. याला टाळणं म्हणत नाहीत. तिचे कपडे कपाटातून काढायचे ठरवलं होतं, पण संशोधनामुळे वेळ मिळत नाही.

१८ सप्टेंबर, रविवार
दगड कोरणारा डीकहाउस चर्चबाहेर भेटला. म्हणाला, एल्रॉय, ऑक्टोबर संपला की मी पाया घालत नाही हं, जमीन गोठते. म्हटलं, भरपूर वेळ आहे.

७ ऑक्टोबर
जर्मनीचं पाकीट आलं. नोंदींच्या प्रती, जुन्या जर्मन लिपीत. मला एक अक्षर लागत नाही. वर्नाला ती लिपी यायची, आजीनं शिकवली होती. मी पाकीट घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलोही.
उद्या निवृत्त पास्टर रुलमन यांच्याकडे नेईन.

१२ ऑक्टोबर
पास्टरनी वाचून दाखवलं. हाइनरिशचा बाप योहान जन्मानं टीमायर नव्हताच. क्रोगर. दुसऱ्याच्या शेतावरचा गडी. टीमायरांच्या एकुलत्या एका मुलीशी, आना मार्गारेटाशी, त्यानं लग्न केलं, तिच्या शेतावर राहायला गेला, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे शेताचं नाव त्याला लागलं. पास्टर म्हणाले, तिकडे शेत माणसाचं नसतं बाबा, माणूस शेताचा असतो. मग चष्मा पुसत म्हणाले, म्हणजे त्या रिवाजानं तू होल्टकॅम्प की रे! आणि खोकला येईपर्यंत हसले.
पास्टरना मोतीबिंदू आहे. नोंदींतलं अक्षरही खराब आहे. दुसरं मत घेणं शहाणपणाचं. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना प्रती पाठवल्या.

२६ ऑक्टोबर
प्राध्यापकांचं उत्तर. क्रोगरच. शिवाय न विचारलेली एक ओळ : बायको गेल्यानंतर योहान अकरा वर्षं जगला आणि शेवटपर्यंत टीमायर म्हणूनच सही करत होता. सही म्हणजे तीन फुल्या, शेजारी पास्टरनं लिहिलेलं नाव. दुपारभर त्या फुल्या पाहत बसलो. त्याची काही हरकत दिसत नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार
पास्टरनी मिलफर्डला सांगितलेलं दिसतं. फाटकातूनच ओरडला, काय होल्टकॅम्प, मका निघाला का? मी म्हटलं, थट्टा पुरे. तेव्हा तो पायरीवर बसला. म्हणाला, गाढवा, त्या पत्रपेटीवरची अक्षरं दर वर्षी कोण रंगवायचं? मी की तू? गुडघे दुखत होते तरी ती तिथे बसून टीमायर, टीमायर रंगवायची. अडतीस वर्षांत एकदा तरी होल्टकॅम्प लिहिलं तिनं? एकदाच मागितलं, तेही मेल्यावरचं.
मी म्हटलं, रंग आणायला मी जात असे.
तो उठून गेला.
ठरलं. होल्टकॅम्प. सोमवारी नक्की.

३१ ऑक्टोबर, सोमवार
डीकहाउसनं चूक करू नये म्हणून दगडाचा मजकूर नीट लिहून काढला. वर्ना होल्टकॅम्प टीमायर. चार वेळा लिहिला. पोचलो तेव्हा त्याच्या फाटकाला कुलूप होतं. काही बिघडत नाही, एका दिवसानं काय होतं.

१ नोव्हेंबर
सकाळी सातलाच गेलो. काँक्रीटचा मिक्सर धुऊन उलटा ठेवला होता. म्हटलं, एकच दिवस उशीर झाला. डीकहाउस म्हणाला, एल्रॉय, मार्चपासून तुझा एकच दिवस चाललाय. कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, एप्रिलमध्ये सगळ्यांत आधी तुझं काम.
परत येताना तिच्याकडे गेलो. अंत्यसंस्कारवाल्यांनी खोचलेली पत्र्याची पट्टी आहे, पोस्टकार्डाएवढी. आतल्या कागदावरचं नाव उन्हापावसानं पार पुसलं गेलं आहे. इतके शनिवार गवत कापलं, लक्षात आलं नाही. गाडीत पेन्सिल होती. कागद उलटा करून लिहायला घेतलं. अक्षरं जरा मोठी पडली. वर्ना एवढ्यातच कागद भरला.
पट्टी परत खोचली. हातानंच गेली आत. जमीन अजून मऊ होती.