गुडघ्याएवढी झोळी

लातूर, मंगळवार संध्याकाळ

निलंग्याहून आणलेलं चार महिन्यांचं बाळ. मेंदूत रक्तस्राव, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्त, अंगावर मात्र साधा ओरखडा नाही. "झोळीतून पडलं," बाप म्हणाला. झोळी किती उंच होती? आईनं हात गुडघ्याशी धरून दाखवला. तेवढ्यानं असं होत नाही. कुणीतरी त्याला गदागदा हलवलंय.

विभागप्रमुख सरांना सांगितलं, तर म्हणाले, "हे परदेशातलं खूळ. आपल्याकडं भरल्या घरात असं होत न्हाई." म्हणून तिकडं एवढ्या केसेस आणि इथं एकही नाही? की आपण डॉक्टर केसपेपरवर दरवेळी झोळीच लिहितो? आज मीही तेच लिहिलं.

मी वॉर्डातून निघताना आईनं हळूच विचारलं, "म्याडम, झोळी आजून खाली बांधू का?" हात पुन्हा गुडघ्याशी. बाप दारातच उभा होता.

मी हो म्हणाले.