चंदाबाईंचा चिखल

सावखाडी, जि. रत्नागिरी
१४ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना आणि आईला,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. माझ्या शाळेतल्या सतरा पोरांनी खाडीकाठी कांदळ लावायचं मनावर घेतलंय. ही खाऱ्या पाण्यातली झाडं मुळांनी काठ धरून ठेवतात. कोळंबीच्या तळ्यांसाठी ती तोडली, काठ ढासळला आणि गेल्या वर्षी भरतीचं पाणी शाळेच्या पायरीला लागलं. कांदळाची शेंग झाडावरच रुजते. चिखलात उभी खोचायची, बस्स. तिसरीतली दिपा गुडघ्यापर्यंत रुतली, पण हातातली शेंग सोडेना.

दोनशे शेंगा लावल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या उपटून बांधावर टाकलेल्या! चंदाबाई म्हणून सत्तरीच्या एक आजी आहेत, चिखलातून तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढून विकतात. त्यांचंच काम. पोरं रडली हो. मी ग्रामपंचायतीसाठी तक्रार लिहून ठेवलीय, महिनाअखेरच्या सभेत देते. आईला सांगा, वेळेवर जेवते.

तुमचीच,
करुणा

नरसी नामदेव, जि. हिंगोली
१९ सप्टेंबर २०२४

चि. करुणास भिवाजीचा जयभीम आन् आशीर्वाद.

पत्र पोचलं. हळद कमरेला आली. तुझी माय पत्र दोनदा वाचून घेती आन् इचारती, तिथल्या चिखलात जळवा असत्यात का.

तक्रार दिली नसशील तर देऊ नको. मी लहान असताना फारेस्टवाल्यांनी आपल्या गायरानात झाडं लावली, तार ओढली. झाडं चांगलीच व्हती. पण माझी माय तिथूनच सरपण आणायची, तिला कुणी इचारलं न्हाई. तिनं दोन रोपं उपटली तर दिवसभर चावडीपुढं बसवून ठेवली. मी बाजूला बसलो व्हतो. हे मी तुला कधी सांगितलं न्हाई, आज सांगून राहिलो. त्या बाईला काहून उपटलं, येवढं इचार.

मायेची पाखर असतेच, अजून काय लिहू.
भिवाजी

सावखाडी
१४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचलं आणि तक्रार फाडली. पोरांना घेऊनच चंदाबाईंकडे गेले, पोरांच्या देखत त्यांची माफी मागितली. त्यांनी हातातल्या तिसऱ्या धुऊन टोपलीत टाकल्या. मग म्हणाल्या, एवढाच एक चिखल माझा, तिथंच झाडं झाली तर मी हात कुठं घालू? बाबा, मला मान वर करून बघवेना.

त्यांनीच मग आम्हाला कोळंबीच्या तळ्यांच्या फुटक्या बांधापलीकडे नेलं, तिथं तिसऱ्या मिळत नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची होडी तिथल्या कांदळांतून आली होती म्हणे. पोरांनी तिथं पुन्हा लावलं. अमावस्येच्या भरतीनं ऐंशी शेंगा नेल्या. सकाळी शाळा उघडायला गेले तर चंदाबाई पायरीवर बसलेल्या, टोपलीभर नव्या शेंगा घेऊन.

काल खाडीकाठी सगळी वाडी जेवली. शेजारच्या मुस्लिम मोहल्ल्यातून तांदळाच्या भाकरी आल्या, चंदाबाईंनी तिसऱ्यांचं कालवण केलं. पहिलं ताट त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. मी न पाहिलेल्या आजीच्या नावानं एक घास घेतला.

काही शेंगांना दोन-दोन पानं फुटलीत. आता ओहोटी लागलीय. चंदाबाई खालून हाका मारतायत, पोरं दारात चुळबुळतायत. आईला सांगा, जळवा नाहीत. माया आहे तशीच ठेवा, मी चिखलात उतरते.

तुमची लेक,
करुणा