सायकल टूर : राहनाळ ते खारबाव आणि परत

१२ जानेवारी २००६
माफी असावी. डायरी एक तारखेला मिळाली आणि लिहायला आज बसतो आहे. आधी रिफिल सुकलेली निघाली. रिफिल आणली तर चष्मा सापडेना. चष्मा सापडला तोवर संक्रांत तोंडावर आली. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर बरं आहे.

नातू देवेश कंपनीच्या ट्रेनिंगला स्पेनला गेला आहे. त्याचं पोस्टकार्ड आलं. चित्रात नदी, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, मधून सायकलीवर माणसं चाललेली. सगळी माझ्या वयाची. एकालाही घाम नाही. मागे लिहिलंय, 'आजोबा, हे लोक आठ-आठ दिवस असे आरामात फिरतात. थांबतात, खातात, झोपतात, पुढे जातात.'

संकल्प : सायकल टूर करणार. राहनाळ ते खारबाव, दहा किलोमीटर. नदी आपल्याकडेही आहे. माझं वय ६९.

१३ जानेवारी
घरात टूर जाहीर केली. सून भावना म्हणाली, "खारबावला? म्हणजे बायआत्यांकडे?"

बाय म्हणजे माझी मोठी बहीण धोंडूबाई. टूरचा आणि तिचा काही संबंध नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तिचं घर वाटेत येतं त्याला मी काय करू? खारबाव काय मी वसवलं?

भावना म्हणाली, "बाबा, ट्रेनने एकच स्टेशन आहे. दहा मिनिटं." तिला टूर म्हणजे काय ते कळलेलं नाही.

१७ जानेवारी
नात पूर्वी हिचं लग्न १२ फेब्रुवारीला. हळद ११ ला. आमच्या आगरी घरात धवले गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि आमच्या घरात ती गाणी फक्त बायला येतात. आज पूर्वी म्हणाली, "बायआजी आली नाही तर मी पाटावर बसणार नाही. डीजे लावायचा तर तुम्हीच लावा आणि हळदही तुम्हीच लावून घ्या."

माहेरवाशिणीला बोलवायला अक्षत आणि नारळ घेऊन घरच्या कर्त्याने स्वतः जायचं असतं. नुसती पत्रिका पाठवली तर अपमान. मुलगा धनेश म्हणाला, मी जातो. मीच नको म्हटलं. कर्ता मी आहे. नाहीतरी टूर आहेच, जाता जाता देईन.

एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. नऊ वर्षांपूर्वी गोडाऊनसाठी जमीन दिली तेव्हा बायने हक्कसोडीवर सही केली. आपल्यात बहिणी करतातच. मग बहिणीला घरी आणायचं, जेवू घालायचं, साडी नेसवायची, ही रीत. मी तिला कचेरीच्या पायरीवरूनच रिक्षात बसवलं. मला घाई होती. ती म्हणाली, "केसरी, जेवाला पन ये न्हाय सांगत?" रिक्षा सुरू झाली होती. मला नीट ऐकू आलं नाही, असं मी तेव्हा ठरवलं. रिक्षावाल्यानेही जरा थांबायला हवं होतं.

डोक्यातून गेलं नाही.

२० जानेवारी, सकाळी ७
तयारी पूर्ण. सायकलला तेल, गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल. केमिस्टकडे छोटी बाटली मिळाली. बाटलीवर तान्ह्या बाळाचं चित्र आहे, पण गुडघ्याला काय कळतं. कॅरियरवर नारळ आणि अक्षतीची पुडी.

त्याच दिवशी, दुपारी १२
अंजूरफाट्यापर्यंत जाऊन आलो. दीड किलोमीटर. ही रंगीत तालीम समजावी. निसर्ग : गोडाऊन, गोडाऊन, धर्मकाटा, गोडाऊन. एका कंटेनरवाल्याने मागून असा हॉर्न दिला की मी आपोआप गटाराकडेला उतरलो. तो ओरडला, "चाचा, मरना है तो घर पे मरो!" स्पेनमध्ये असं बोलत नसतील.

नारळ परत आणला.

२४ जानेवारी
आज खारबावच्या अर्ध्या वाटेपर्यंत. नदी पाहिली. पाणी जांभळं होतं, कुठल्यातरी डाइंगचं. चित्रातल्या नदीपेक्षा रंगीत. काठावरचे तिवर लांबून थेट ऑलिव्हसारखे दिसतात. (ऑलिव्ह मी जवळून पाहिलेला नाही.) सावलीत चादर टाकून पडलो, कारण टूरमध्ये झोपायचं असतं. जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं. उन्हात बहिणीकडे जाऊ नये, तिला सरबत करायला लागतं. परत.

भावनाने नारळ फोडून चटणी केली.

२७ जानेवारी
खारबावच्या अलीकडे ओढ्यावर मोरी आहे, तिथपर्यंत पोचलो! प्रगती चांगली. मोरीवरून बायच्या घराची कौलं दिसतात. भाषणाची तयारी केली : 'बाय, झालं गेलं...' पुढचं आठवेना. गाय आडवी आली. गाय आडवी येणं शुभ की अशुभ? खात्री नसताना पुढे जाणं बरं नाही. परत.

चटणी.

३० जानेवारी
मोरीपर्यंत. सायकलच्या चेनमधून आवाज येतोय असं वाटलं. येत नव्हता, पण येऊ शकला असता.

भावना म्हणाली, "बाबा, तुमच्या टूरमुळे घरात खोबऱ्याची ददात नाही." धनेश हसला. मी हसलो नाही.

२ फेब्रुवारी
दौलत दूधवाला खारबावहून येतो. आज दूध मापता मापता म्हणाला, "काका, मोरीवर काय बगताव रोज? मासं हायती का?"

मी म्हटलं, निसर्ग बघतो.

"तिथं? तिथं त आमी रेडे धुताव."

मोरी बदलावी लागेल.

५ फेब्रुवारी
नवीन मार्ग : मोरी टाळून थेट खारबाव स्टेशन. स्टेशनवरून बायचं घर पाच मिनिटं. आज नक्की. पूर्वी सकाळी पाया पडली, म्हणाली, "आजोबा, आज तरी." त्या 'तरी'ची काय गरज होती?

त्याच दिवशी, सायंकाळी ६
सविस्तर लिहितो. खारबाव स्टेशनला नऊ वाजता पोचलो. दम लागला होता. दम लागलेल्या माणसाने अक्षत देऊ नये, सांडते. प्लॅटफॉर्मवर चहा घेतला. दुसरा घेतला. तेवढ्यात समोरून बाय येताना दिसली. काष्ट्याचं लुगडं, हातात पिशवी. वाकली आहे आता. मी वजनाच्या मशीनमागे उभा राहिलो. वजन करायचं होतंच. एकसष्ट किलो. गाडी आली, बाय चढली, गाडी गेली.

म्हणजे बाय घरी नाही. मग तिच्या घरी जाऊन काय उपयोग? योगच नव्हता. मन एकदम हलकं झालं. वडापाव खाल्ला, सावलीत झोपलो, बगळे मोजले (चौदा). खरी टूर आज झाली. आरामात तीन वाजता घरी.

घरी भावना दारातच उभी. म्हणाली, "बायआत्या आल्या होत्या."

६ फेब्रुवारी
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.

बाय साडेदहाला आली. नऊ वर्षांनी. कोणी न बोलावता, कोणी आणायला न जाता. माझ्या खोलीत बसली, पोस्टकार्डवरचं चित्र बघितलं. पूर्वीचे हात हातात घेतले. भावनाने ताट वाढलं, ती म्हणाली, "केसरी येऊ दे." दोन वाजेपर्यंत थांबली. ताट झाकलेलंच राहिलं. मग घरी म्हातारा आजारी आहे म्हणून गेली. मी तेव्हा बगळे मोजत होतो.

भावनाने तिचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं. मी नको म्हणत होतो तरी सांगितलं.

"मी हळदीला न्हाय आले. बोलावणं न्हाय त मी कशाला येन? मी भावाला बगाला आले. अक्खा गाव सांगते का तुजा भाव मोरीवर येते, घराकडं बगते नी परत जाते. मला वाटला डोकं फिरला का काय याचं. आज स्टेशनवर वजनाच्या काट्यामागं लपला व्हता. पाय दिसत व्हते. हाक मारनार व्हते, पन बोलले, नको, घाबरून पलंल सायकल घेऊन, नी टरकखाली जाईल."

जाताना उंबऱ्यात म्हणाली, "मला नारल नको, अक्षत नको. तेनी निस्ता 'बाय, ये' सांगला त मी येन. पन तेनीच सांगाला पायजे."

म्हणजे मोरी, गाय, चेन, सगळं तिला ठाऊक होतं. गावालाही. मला एकट्यालाच ती टूर वाटत होती.

८ फेब्रुवारी
काल निघालो होतो. ट्रेनने. सायकल नाही, चादर नाही. खारबावला उतरलो. उतरलो तसा समोरच्या गाडीत बसून परत आलो. कारण लिहीत नाही. या डायरीत कारणं फार झाली.

पूर्वीने पाट धुऊन भिंतीला उभा ठेवला आहे, एवढंच दिसलं.

९ फेब्रुवारी, पहाटे ५
दौलत येईल आता. त्याच्याकडे चिठ्ठी देणार. चुका होऊ नयेत म्हणून आधी इथे उतरवतो.

'बाय, तुला साष्टांग. लिहायला नऊ वर्षं उशीर झाला. तू रिक्षात विचारलंस ते मला ऐकू आलं होतं. जिभेने बोलता येत नाही म्हणून हाताने लिहितो, ते तोंडाने सांगितल्यासारखंच धर. बाय, ये. हळद परवा आहे. पण हळदीसाठी नको, आधी उद्याच जेवायला ये. भावना भाकरी करील, मासळी मी आणीन. तुझ्याआधी मी जेवणार नाही. न्यायला खारबाव स्टेशनवर उभा राहीन, या वेळी काट्याच्या पुढे. येतेस का ते दौलतकडे तोंडी सांग. नाही म्हणायचं असेल तर तेही सांग, पण लवकर सांग. मी दारात उभा आहे. — केसरी'