पान कुठं थांबलं

४ जाने. ९९, सोम., जळगाव
समाजाची वधू-वर सूची इंटरनेटवर टाकायचं काम. यादीचं लांबलचक पान मी करायचं, तपासणी धुळ्यात हेमंतने (हे.). आज मंडळाचे चिटणीस नाना मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासवर बघायला आले. आबांचे जुने दोस्त, म्हणून माझ्यावर हक्क जरा जास्तच. पान बघून खूश झाले. मग मी माउसने खाली सरकवलं आणि चेहरा पडला.
"गणपती कुठं गेला?"
म्हटलं, वरच आहे नाना, आपण खाली आलो.
"छापील सूचीत दर पानावर असतो. लग्नाच्या कामात गणपती मधूनच निघून जातो म्हणजे काय?"
चहा पिऊन गेले, पण सांगून गेले. गणपती हलता कामा नये.
संध्याकाळी हे.ला फोन. आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. चालव गणपतीला पानाबरोबर." हा असं हसणार असेल तर मी रोज एक नाना शोधून आणीन.

७ जाने., गुरु.
गणपती चालला! पान सरकलं की ब्राउझर स्वतःहून हाक मारतो, ‘सरकलं, सरकलं’. त्या हाकेवर गणपतीला ढकलायचं. पण हाका फार. एक बोट सरकवावं तर दहादा ओरडतो, आणि गणपती सारखा थरथरतो, थंडी भरल्यासारखा. नानांना दाखवलं तर म्हणतील कोपला.
हे. इथे असता तर... एका मशीनवर दोघं बसून कोर्स केला तेव्हा कीबोर्ड माझ्याकडे नि माउस त्याच्याकडे असायचा. त्याचे वडील गेले, तो धुळ्याला परतला, पाचव्या गल्लीत टायपिंग-छपाईचं दुकान टाकलं. माउस माझ्याच हातात आला. सवय नाही झाली अजून.

१० जाने., रवि.
असोद्याला काकाच्या मळ्यात भरीत. वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. धुराने डोळे लाल, ते बरंच झालं.
जेवता जेवता आबा सगळ्यांसमोर : "साऱ्या बठ्ठ्या पोरींचे फोटो तुह्या हातानं लागले. तुझा कुठी हाये?"
काकू हसल्या. मी भाकरी मोडत राहिले. आबांचं चूक नाही. पंचविसावं सरलं.
दिवाळीत हे.ला विचारलं होतं, तुझं नाव टाकू का सूचीत? म्हणाला, ताईचं झाल्याशिवाय माझं नाव कुठेच नको. शीलाताई त्याच्याहून मोठी, शाळेत शिकवते. तिच्याच पगारावर हा शिकला. मोठी बहीण घरात असताना भावाने बाशिंग बांधायचं नाही, हे त्याचं पक्कं. माणूस चुकत नाही. राग येतो तो ह्याचाच.

१३ जाने., बुध.
माझी मीच नोंद टाईप केली. शिक्षण, उंची, अपेक्षा. ‘वर्ण’ पाशी अडले. आई मागून म्हणाली, निमगोरा लिही. मी सावळा लिहिलं. तिने डोक्यावर टपली मारली. आता निमगोरी आहे. फोटोही लावला, आईने बळेच नेसवलेल्या साडीतला.
‘अपेक्षा’ रिकामं ठेवलं. खरी लिहिली असती तर नुसतं एक नाव.
फोटो सगळे जड. फोनच्या लाइनवर पूर्ण पान उघडेपर्यंत चूल पेटवून चहा होईल. तर युक्ती : फोटो आधी आणायचेच नाहीत. वाचणारा सरकत सरकत जिथे थांबेल तिथलेच आणायचे.
थरथरही ह्यानेच गेली. प्रत्येक हाकेला क्षणभराचा गजर लावायचा, पुढची हाक आली की आधीचा मोडून नवा लावायचा. पान खरंच थांबलं तरच शेवटचा गजर वाजतो. मग गणपती शांतपणे खाली येतो आणि समोरच्या ओळींचे फोटो उघडतात. नाना बघून हात जोडते झाले. स्क्रीनला.

१५ जाने., शुक्र.
फ्लॉपी धुळे गाडीच्या कंडक्टरजवळ दिली, नेहमीप्रमाणे. वर तिळगुळाची पुडी. "मॅडम, हेमंतशेटला काय निरोप?" म्हटलं, निरोप फ्लॉपीत आहे. ते हसले. मी का लाजले कोण जाणे.
मग बस गेल्यावर सुचलं. पान आता जाणतं, वाचणारा कुठे थांबला. म्हणजे हे. कुठे थांबतो ते त्या पानाला कळेल. मला नाही. मीच लिहिलेलं पान, आणि ते धुळ्यात बसून माझ्यापेक्षा जास्त शहाणं.

१९ जाने., मंगळ.
बूथवरून हे.ला फोन.
"काहीच होत नाही गं. गणपती वरच बसलाय. फोटो एकही येत नाही."
"कुठं थांबून पाहिलंस?"
"‘च’ वर."
आम्ही चौधरी. पण सूचीत चौधऱ्यांना काय तोटा? गावात हाक मारली तर निम्मं गाव ओ देईल.
"‘च’ मधे कुठं?"
"फोटो येत नाही, एवढंच सांगायचं होतं."
बाहेर लोक खोळंबलेले, एक बाई दारावर अंगठी वाजवत होत्या. ठेवला.
दिवसभर कशात लक्ष नाही. विद्यार्थ्यांना एकच धडा दोनदा शिकवला. त्यांनी लिहूनही घेतला.

२१ जाने., गुरु.
कळलं काय झालं ते. माझ्याकडे निळ्या ‘ई’च्या चित्राचा ब्राउझर, त्याच्याकडे जहाजाच्या सुकाणूच्या चित्राचा. माझा पान सरकलं की स्वतः सांगतो. त्याचा सांगतच नाही. पान सरकतं, थांबतं, सगळं होतं, पण चकार शब्द नाही. हाक येईल म्हणून माझा गणपती नि माझे फोटो तिकडे आपले वाट बघत बसलेले.
उपाय आहे. आपणच थोड्या थोड्या वेळाने जाऊन विचारायचं, कुठं आहेस? मघाशी होतास तिथंच का? दोनदा तेच उत्तर आलं म्हणजे थांबला.
ब्राउझरही त्याने स्वतःसारखाच शोधून ठेवलाय. शप्पत, रडूच आलं. मला तो हवा आहे, हे इथे तरी सरळ लिहिते. मला हेमंत हवा आहे आणि मी विचारत नाही, कारण मुलीने विचारायचं नसतं, आणि तो सांगत नाही, कारण ताई.

२६ जाने., मंगळ.
झेंडावंदन करून आले तर घरी नाना. भुसावळचं स्थळ. मुलगा रेल्वेत, घर स्वतःचं, नानांनी दाखवलेल्या सूचीत माझा फोटो पाहून त्यांनीच विचारलं. माझं पान चालतं म्हणायचं! येत्या रविवारनंतरच्या रविवारी बघायला येणार.
नाना गेल्यावर आबांना म्हटलं, थोडं थांबू या का?
"कोनासाठी?"
ओरडून नाही विचारलं. अडकित्ता खाली ठेवून, माझ्याकडे बघून विचारलं. एक नाव सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतं त्यांनी. पण ज्याने मला काही म्हटलेलंच नाही त्याचं नाव कुठल्या तोंडाने सांगू? उद्या आबा धुळ्याला गेले आणि तो म्हणाला, माझ्या तर मनात नव्हतं... आबांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही.
"कोनी नही," म्हटलं. त्यांच्याच बोलीत. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

२९ जाने., शुक्र.
सुकाणूवाल्यासाठी विचारायचा कोड झाला. इथे एका मशीनवर तोच ब्राउझर टाकून पाहिलं, चालतो. गणपती जरा उशिरा पोचतो, पण पोचतो.
उद्या कंडक्टरजवळ द्यायची.

३१ जाने., रवि.
काल नाही दिली. कंडक्टरने हात पुढे केला, मी फ्लॉपी पुन्हा पर्समध्ये टाकली. घरी सांगितलं, रविवारी धुळ्याला पान दाखवायला जाते, कामाचं आहे. आबांनी फक्त विचारलं, परतीची गाडी कोणती.
आता धुळे स्टँड. गाडीत खिडकीशी बसून लिहितेय.
दुकान रविवारचं बंद, मागे घर. शीलाताईच पुढे आली. "ये वं, बठ. चहा ठेवस मी." हे. बनियनवर होता, पळाला, शर्ट उलट्या गुंड्या लावून आला.
पान फ्लॉपीवरूनच उघडलं. मी माउस त्याच्याकडे सरकवला. त्याने खाली नेलं, अ, क, ग, कुठे न थांबता. ‘च’ आला. चौधरी, चौधरी, चौधरी. थांबला. त्याला शोधावं लागलं नाही. फ्लॉपी घरघरली, आधी गणपती खाली आला, मग फोटो वरून खाली उलगडत, केसांचा भांग, कपाळ, डोळे. आईने बळेच नेसवलेली ती मोरपंखी साडी.
"आला," म्हणाला. माउस सोडला नाही.
मी विचारलं. "पुढच्या रविवारी भुसावळचे येणार आहेत. हेमंत, मी थांबू का?"
"ताईचं..."
"ताईचं मला माहीत आहे. मी माझं विचारते."
आत कपबश्यांचा आवाज बंद झाला. तो स्क्रीनकडेच बघत होता, म्हणजे माझ्याकडेच, पण त्या निमगोऱ्या माझ्याकडे.
मग : "आबा थांबतील?"
"ते तू त्यांना विचार."
तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देताना बोटं जरा जास्त वेळ धरली. भावाला म्हणाली, "गुंड्या नीट लाव रे. पोरले स्टँडवर सोडाले कोन जाई?" तेवढंच.
तोच आला सोडायला. माझं विचारून झालं होतं.
गाडी भरली. हे. खाली उतरला, मला वाटलं गेला. पण समोर उभा आहे, आमच्या नेहमीच्या कंडक्टरशी बोलतोय. त्याच्या हातात आज द्यायला काही नाही, फ्लॉपी दुकानातच राहिली. कंडक्टरने तिकिटांची पेटी उघडली, एकदा माझ्या खिडकीकडे पाहिलं, नि त्याला काहीतरी विचारलं. गाडी सुरू आहे, आवाजात ऐकू येत नाही, माझं एकटीचं तिकीट मागतोय की दोघांचं.